घर तारण ठेवण्याआधी

दादर, मुंबई
11 जानेवारी 2026

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कारखान्याच्या कर्जासाठी दादरचे घर तारण ठेवता येईल का, असे तू परवा फोनवर सहज विचारल्यासारखे विचारलेस आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. तो होकार नव्हता, नकारही नव्हता. या गोष्टी बोलण्यात निसटतात, म्हणून लिहितो आहे.

हे घर माझ्या नावावर यायला तीन वर्षे लागली, ती हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. आजोबा 2011 साली गेले तेव्हा सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून माझे नाव होते आणि तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा विश्वस्त असतो, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले तेव्हा मला जरा अपमानच वाटला होता. आजी आधीच गेली होती, त्यामुळे मृत्युपत्र नसते तर मी आणि तुझी आत्या असे दोघे समान वारस ठरलो असतो. मृत्युपत्र होते, पण ते मुंबईत केलेले आणि घरही मुंबई शहरातले, म्हणून तेव्हाच्या कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेतल्यावाचून त्याच्या आधारे हक्क सांगता येत नव्हता. मृत्युपत्र आणि घर दोन्ही डोंबिवलीचे असते, तर ही सक्तीच नव्हती.

प्रोबेटसाठी मूळ मृत्युपत्र आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लागते. दोन साक्षीदारांपैकी आपले डॉक्टर वारले होते आणि दुसरे, आजोबांचे कचेरीतले मित्र, रत्नागिरीला राहायला गेले होते. मी मृत्युपत्राची झेरॉक्स घेऊन त्यांच्याकडे गेलो. ऐंशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी कागद खिडकीशी नेला, सहीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सही माझीच, पण तुझ्या वडिलांनी मला चहासुद्धा न देता ती करून घेतली होती." ते हयात नसते, तर सह्या ओळखणारे दुसरे कोणी शोधण्यात आणखी किती काळ गेला असता कोण जाणे. आत्याने संमतीचे प्रतिज्ञापत्र विनातक्रार दिले. तिने हरकतीचे कॅव्हेट दाखल केले असते, तर अर्जाचा दावा झाला असता आणि आम्ही बहीणभाऊ आजही तारखा मोजत बसलो असतो.

गेल्या डिसेंबरात संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातले ते कलम 213 वगळले, त्यामुळे माझ्या मागे तुम्हाला प्रोबेटची सक्ती नसेल. तरी वाद निघालाच तर मृत्युपत्र शाबीत करावे लागते, म्हणून मी माझ्यापेक्षा बरेच लहान असे दोन साक्षीदार घेतले आहेत आणि मृत्युपत्राची नोंदणीही केली आहे. त्यात घर तुला आणि ताईला निम्मे निम्मे दिले आहे.

तुझ्या प्रश्नाची खरी अडचण इथे आहे. मी घर तारण ठेवले आणि कर्ज फिटण्याआधी गेलो, तर ताईच्या वाट्याला अर्ध्या घराबरोबर तुझ्या कर्जाचा बोजाही येईल, आणि त्या कारखान्यात तिचा एक रुपया नाही. शिवाय जामीनदार म्हणून माझी सही असेल, तर बँकेने आधी तुझ्यामागे लागावे आणि मग माझ्याकडे यावे, असे कायदा म्हणत नाही.

माझ्या मावसभावाचे ठाण्याचे घर गेले ते मी जवळून पाहिले आहे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक, म्हणजे थकीत, ठरते आणि तारण विकून वसुली करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचे उत्तर 15 दिवसांत द्यावे लागते. त्याने ते पाकीट नेहमीचे पत्र समजून टीव्हीखालच्या खणात टाकले. पुढे दारावर ताब्याची सूचना चिकटली आणि वर्तमानपत्रातही छापून आली. बारीक अक्षरांत त्याचे पूर्ण नाव आणि सदनिका क्रमांक होता, आणि वहिनींना ती शेजारणीने दाखवली. तेव्हाही कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला 45 दिवस होते. तो मात्र शाखेत जाऊन साहेबांना विनंत्या करत राहिला. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळी थकबाकी खर्चासह भरली असती तर घर वाचले असते. ती रक्कम त्याने नंतर उभी केली, आणि तोवर उशीर झाला होता. बँकेने यात काही बेकायदा केले, असे मला वाटत नाही.

तुझ्या धंद्यावर माझा अविश्वास नाही. पण रविवारी, 18 तारखेला, ताई येणार आहे, तेव्हा तू मंजुरीपत्र आणि तारणाच्या दस्तांचे मसुदे घेऊन ये. तिच्यासमोर ते वाचू. कर्जाची रक्कम घराच्या किमतीच्या चौथाईवर जात असेल, तर आधी तुझी यंत्रसामग्री आणि माझ्या मुदत ठेवी तारण म्हणून चालतात का, ते बँकेला विचार. ताई नको म्हणाली तर विषय तिथेच संपेल आणि तू तिच्यावर रागवायचे नाहीस. ती हो म्हणाली तरी रिकाम्या जागा सोडलेल्या छापील कागदावर मी सही करणार नाही, मग शाखेतले लोक घाईत असोत वा नसोत.

मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि प्रोबेटचा आदेश कपाटातल्या करड्या फाइलीत आहेत. रविवारी ती तुम्हा दोघांना दाखवीन.

तुझा,
बाबा