बाबांच्या कमरेवरची खपली

वाळपई,
१८ एप्रिल

प्रिय दत्ता,
स. न. वि. वि.

बाबा बरे आहेत, हे आधी सांगतो. फोनवर नीट बोललो नाही, कारण ते समोरच बसले होते.

ऐन बोंडू वेचायच्या दिवसांत ताप आला. आपल्या सत्तरी तालुक्यात २०१५पासून काजूच्या हंगामात ताप म्हटला की आधी माकडतापच आठवतो. तपासलं, तो नव्हता. मग पाच दिवस साधा ताप म्हणून नुसत्या गोळ्या. सहाव्या दिवशी तळहात-तळपायांवर लाल पुरळ उठलं, तेव्हा दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सदरा वर करायला लावला. लेंग्याची नाडी बसते तिथे, विडीने भाजावं तशी काळी खपली, भोवती लाल कडं. "गोचीड चावलीय," त्या म्हणाल्या. रिकेट्सिया नावाचा जीवाणू. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि दुसऱ्या रात्री ताप उतरला. माकडताप विषाणूचा, त्यावर नेमकं औषध नाही. यावर आहे, आणि तरी पाच दिवस कुणी कापड बाजूला करून पाहिलं नाही. राग अजून गेलेला नाही रे.

आता वाड्यावर म्हणतायत, बागेतले उंदीर-घुशी मारून टाकूया. मला हे मुळीच पटत नाही. गोचिडीचं पिल्लू मोहरीच्या दाण्याहून बारीक, सहा पायांचं. पाचोळ्यातून उंदीर किंवा चिचुंद्री गेली की तिला चिकटतं, पोटभर रक्त पितं, गळून पडतं, कात टाकून आठ पायांचं होतं. मग पुढचं अंग: गुरं, कुत्रा, आपण. अमेरिकेतल्या, गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम आजाराचा बोरेलिया हा जीवाणू खरोखरच उंदरांच्या जिवावर टिकतो. पिल्लाला तो उंदराच्या रक्तातून मिळतो, आणि उंदीर मात्र धडधाकट हिंडतो. रिकेट्सियाचं तसं नाही. तो मादी गोचिडीकडून थेट तिच्या अंड्यांत उतरतो. उंदीर संपवले तरी तो गोचिडीत राहणारच, आणि तिला रक्त तर हवंच.

म्हणून मी रोज संध्याकाळी बाबांचे गुडघ्यामागचे खळगे, काखा, कंबर बघतो. काल मोतीच्या कानातून अकरा गोचिडी काढल्या. रॉकेल लावायचं नाही, पोट दाबायचं नाही. कातडीलगत धरून सरळ वर ओढायची.

मे महिन्यात पोरांना घेऊन येशील ना? बागेत जाताना पँट मोज्यांत खोचायला लाव त्यांना. आणि पुण्याहून बारीक टोकाचा चिमटा आण, माझा बोथट झालाय.

तुझा,
विनायक