नवलगढच्या पोदार हवेलीतील काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नागपूरला परतून आठवडा झाला, तरी आपला विषय निघाला की माझा कंठ दाटून येतो. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या माझ्या ७८ वर्षांच्या आईला घेऊन मी राजस्थानातल्या शेखावाटीत आले होते. आदल्याच दिवशी एका वाड्याच्या दारात, 'यांना दिसत नाही, मग तिकीट कशाला काढता?' असे आम्हाला ऐकवण्यात आले होते. त्यामुळे आनंदीलाल पोदारांनी १९०२ साली बांधलेल्या आपल्या हवेलीत शिरतानाही ती अवघडली होती. आमची मराठी कानावर पडताच आपण म्हणालात, 'या आई, उंबरा उंच आहे.' उमेदीची वर्षे आपण नागपूरच्या इतवारीतल्या कापडाच्या दुकानात काढली, हे नंतर समजले. जमनालाल बजाज सीकरकडच्या काशी का बासहून वर्ध्याला दत्तक आले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आमच्याकडची बोली जपून तिकडे परतलेले कोणी भेटेल, असे मनातही नव्हते.

पगड्या, नववधूंचे पोशाख, वाद्ये यांची दालने आपण शब्दांनी दाखवलीत. मग भिंतीवरच्या आगगाडीच्या चित्रापाशी आलो. चुन्याच्या गिलाव्यावरील त्या रंगांना हात लावू नये, हा नियम आपण मोडला नाहीत, याचेही मला अप्रूप वाटते. आपण आईची तर्जनी हातात धरलीत आणि भिंतीपासून दोन बोटे अंतर राखून ती इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, एकेका खिडकीशी थांबत, हळूहळू नेलीत. आईचे वडील मोतीबागेत, बंगाल-नागपूर रेल्वेच्या नॅरोगेज कारखान्यात होते. चाकांपाशी बोट आल्यावर ती स्वतःहून थांबली आणि चाके किती, असे तिने विचारले. मागे सहल ताटकळली होती, तरी आपण एकेक चाक मोजून सांगितलेत. आंधळ्या माणसालाही चित्र पाहायचे असते, हे ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. समोरच्याला माणूस समजावे लागते, आणि तेवढेही आम्हाला अनेक ठिकाणी मिळाले नव्हते.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगते, 'मी नवलगढची गाडी पाहिली.' 'पाहिली' हाच तिचा शब्द आहे.

थंडीत इतवारीत येणे झाले, तर घरी अवश्य या. सांबारवडीचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचे, सारण आईच कालवते, आणि आपल्यासाठीही तीच कालवणार आहे.

आपली कृतज्ञ,
नागपूरची एक लेक