श्टुटगार्टचा पहिला महिना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलेलं तू निम्मंच ऐकतेस, म्हणून जर्मनीतल्या तुझ्या पहिल्या महिन्यासाठी लिहून देते. थंडीची आणि भाषेची धास्ती सगळेच घेतात, पण नव्या माणसाची गाडी अडते ती टपालपेटीपाशी. तिथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आणि बँक, विमा, कर खातं, सगळी मंडळी अजून कागदी पत्रं धाडतात. चावी हातात पडली की बॅग उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटव, पासपोर्टमधल्याच स्पेलिंगनं. चौघी मिळून राहणार असलात तरी तुझी पट्टी वेगळी हवी.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. पासपोर्ट, अर्ज आणि घरमालकानं सही करून दिलेला राहण्याचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. तिथंच मुलं हात हलवत परत येतात. हा दाखला चावी घेतानाच माग. कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही, ती इथूनच बघून ठेव. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालानं येतो. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांत, वेगवेगळ्या दिवशी येतात. व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातले महिन्याचे ९९२ युरो तुझं चालू खातं उघडल्यावर त्यात जमा होऊ लागतील, तेव्हा पहिलं भाडं आणि डिपॉझिट निराळं ठेव. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नकोस. दर घरामागे महिना १८.३६ युरो द्यावेच लागतात. एकीनं भरायचे, बाकीच्यांनी वाटून घ्यायचे.

डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. ‘पैसे पाठवा, चावी कुरियरनं येईल’ म्हणणारा हमखास भामटा. खोली ताब्यात घेताना भिंती, खिडक्या, मीटर यांचे फोटो काढ.

आता बुरशी. डिपॉझिट कापलं जातं ते बरेचदा हिच्यापायी. खिडक्या इतक्या घट्ट बसतात की अंघोळ, स्वयंपाक आणि ओले कपडे यांची वाफ घरातच कोंडते, थंड भिंतीवर पाणी होऊन बसते आणि कपाटामागे काळे ठिपके उठतात. उपाय असा: हीटर बंद कर, खिडकी पूर्ण उघड, शक्य तर समोरचीही, पाच ते दहा मिनिटं वारा खेळू दे, मग बंद करून हीटरचं बटण तीनवर आण. तीन म्हणजे साधारण २० अंश. सकाळी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा आणि भाताचा कुकर उतरवल्यावर लगेच. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवायची सवय लावून घेऊ नकोस. हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि बुरशी तिथंच धरते. पलंग, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. कपडे तळघरात वाळवायची सोय असते, ती वापर.

शेगडी काचेची सपाट असते, गोल बुडाची आपली कढई तिच्यावर डुलते. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकरही चालत नाही. स्टीलचा ने, तळाला लोहचुंबक चिकटतोय ना ते दुकानातच बघ, आणि रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह जादा घे. पोळ्यांसाठी गव्हाचं पीठ १०५० नंबरचं. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा. नळाचं पाणी बिनधास्त पी.

रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली दुकानं आणि काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी आणि १ नोव्हेंबरला त्या राज्याची, तेव्हा दूध-भाजी आदल्या दिवशीच भर. पेयांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि डबे चेपू नकोस. त्या परत घेणाऱ्या दुकानातल्या मशीनला बारकोड वाचता आला तरच अनामतीचे प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात. काचेच्या रिकाम्या बाटल्या-बरण्या रंगानुसार त्यांच्या पेटीत, पण रविवारी आणि रात्री नाही.

आणि केअरवोखे, म्हणजे झाडलोटीची आठवड्याची पाळी! श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत, पण जिना झाडायची पाळी चुकली तर ते नातं कामी येणार नाही. दारावर पाटी लटकली की तो आठवडा तुझा: आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. मोठ्या पाळीत अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. काही इमारतींत हे काम पगारी माणसं करतात, करारात वाच. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नको.

आणीबाणीला ११२, पोलिसांना ११०. दवाखाना बंद असताना ताप चढला तर ११६११७.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. मग फरक साडेतीनऐवजी साडेचार तासांचा. तुझ्या रात्री आठला इथं साडेबारा होतात, तेव्हा फोन सहाच्या आत कर. बाबा जागे राहतात आणि मग दिवसभर चिडचिड करतात.

तुझी,
आई