आमच्या इंग्रजीच्या बाईंना, एका पेपरवालीकडून

तीर्थरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर ‘असलं लिहीत बसण्यापेक्षा वसुलीला जा’ म्हणून न वाचताच परत केलं असतंत. म्हणून उघडच लिहितेय, चारचौघांनी वाचावं असं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचे हे अचानक गेले आणि निपाणीतली पेपरची एजन्सी माझ्या गळ्यात पडली. पहाटे कोल्हापूर-बेळगावकडून गठ्ठे उतरवून घ्यायचे, पुरवण्या भरायच्या, मराठी-कन्नड वेगळं करून लाइनी लावायच्या, एखादा पोरगा आला नाही तर आपणच निघायचं. हे सगळं जमलं. घाम फुटायचा तो दुपारी, वही उघडल्यावर. कमिशन कशावर धरलंय, परतीचे अंक कुणी वळते केले, अनामत कुणाच्या नावावर? एका पेपरचा वसुलीवाला तर माझ्यादेखत म्हणाला, “घरात कुणी गडीमाणूस नाही का?” आणि पुढचं सगळं दिरांशी बोलला. भाऊजींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान डोलवत होते.

तुम्ही भेटायला आलात त्या नारळ नि साखर घेऊन नाही, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ हा अमेरिकेतला पेपर चालवणाऱ्या कॅथरिन ग्रॅहॅम या बाईचं आत्मचरित्र, ज्याला १९९८ साली पुलित्झर हा तिकडचा मोठा पुरस्कार मिळाला. माझं इंग्रजी बिलावरच्या आकड्यांपुरतं. तुम्ही रोज दुपारी वाचायचात आणि लगेच मराठीत सांगायचात. खरं सांगू? सुरुवातीला वाटलं, वॉशिंग्टनच्या कोट्यधीश बाईचं माझ्याशी काय देणंघेणं? तिच्या वडिलांनी, युजीन मेयर यांनी, १९३३ मध्ये दिवाळखोरीतला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ लिलावात ८,२५,००० डॉलरला घेतला होता. आमच्या एजन्सीचं भांडवल म्हणजे एक टेबल आणि उधारी.

पण १९४८ च्या शेअरवाटणीपाशी आलो आणि मी तुम्हाला थांबवलं. बापाने मताधिकाराचे ३,५०० शेअर जावयाला दिले, पोटच्या लेकीला १,५००. का, तर नवऱ्याने बायकोच्या हाताखाली काम करावं हे बरं दिसत नाही म्हणून. आणि तिलाही ते तेव्हा खटकलं नाही! मी तुम्हाला ते पान पुन्हा वाचायला लावलं होतं.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याने, फिल ग्रॅहॅमने, आत्महत्या केली तेव्हा ती ४६ वर्षांची होती. चार मुलं, आणि डोक्यावर पेपर, ‘न्यूजवीक’, टीव्ही केंद्रं. बैठकीला एकटी बाई. तिला ताळेबंद वाचायला नीट शिकवला तो पुढे वॉरन बफे या बड्या गुंतवणूकदाराने. तो कंपन्यांच्या वार्षिक अहवालांची चळतच घेऊन यायचा म्हणे. तुम्ही तेवढ्यावर पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, “आण तुझी वही.” बाई, मला हिशेब त्या दुपारी कळायला लागला. बँकेतला कन्नड फॉर्म, एजन्सी नावावर करायचा अर्ज, सगळं तुम्ही समोर बसून माझ्याकडूनच लिहून घेतलंत. एक ओळही स्वतः लिहिली नाहीत, याचा तेव्हा राग आला होता.

तुमचं आवडतं प्रकरण १९७१ चं. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं हाती आलेली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर कोर्टाची मनाई, आणि ‘पोस्ट’च्या कंपनीचे शेअर दोनच दिवसांपूर्वी, १५ जूनला, २६ डॉलरने बाजारात आलेले. वकील नको म्हणतायत, संपादक छापाच म्हणतायत, घरी निरोपाची पार्टी चाललीय आणि ही फोनवर. शेवटी घाबरत घाबरतच म्हणाली, छापा. ३० जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी पेपरांच्या बाजूने निकाल दिला. हे वाचताना तुमचा आवाज वर्गात चढायचा तसा चढायचा. पुढे वॉटरगेटही, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सनला पायउतार व्हावं लागलं ते प्रकरण, तितक्याच उत्साहाने.

माझं मन मात्र ‘पोस्ट’मधल्या १९७५ च्या संपात अडकलं. छपाई कामगारांनी जाताना यंत्रं मोडली, फोरमनला मारलं, ते वाईटच. पण तिनेही शेवटी त्यांच्या जागी नवी माणसं घेतली. माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी वाढावी म्हणून बायका मोर्चाला जायच्या तेव्हा आमच्या घरी चूल उशिरा पेटायची, पण आईला कुणी जाऊ नको म्हटलं नाही. त्यामुळे त्या प्रकरणात मी ग्रॅहॅमबाईच्या बाजूने पुरती जाऊ शकत नाही. तुम्ही वाद घातलात, मीही घातला. त्याच संपात मालकीण असून ती छोट्या जाहिराती फोनवर लिहून घेत होती, रविवारचे अंक बांधायला बसत होती, एवढं मात्र मला भावलं. गठ्ठा बांधताना सुतळी बोटाला कुठे कापते ते तिला कळलं असणार.

पावसाळ्यात आमच्या पोरांनी पगारवाढ मागितली तेव्हा बोलणी मी केली. त्यांनी मागितलं तेवढं नाही, पण बरंच दिलं. तो वसुलीवाला आता माझ्याशीच बोलतो, भाऊजी सुटले.

तुम्हाला पेपर फुकट द्यायचा हट्ट मी सोडलाय. बिल वेळेवर येईल, काळजी नको. पुस्तक सध्या माझ्या लेकीकडे आहे, ती स्वतःच इंग्रजीत वाचतेय. परत द्यायला तीच येईल. संपाबद्दल तिचं म्हणणं तुमच्यासारखं आहे, माझ्यासारखं नाही, तेव्हा मलाही सोबत यावंच लागेल. चहाला दूध जास्त घेऊन ठेवा.

तुमची,
पेपरवाली वहिनी
निपाणी, जि. बेळगाव