एका ड्रेसिंगला पावणेदोन तास का लागले?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

मी मालवण तालुक्यात शेवटच्या आजारातल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका. आमच्या भेटीच्या रजिस्टरात बीपी, जखम, ड्रेसिंग, गोळ्या असे रकाने असतात. उभं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काढलेल्या एका आजोबांकडे मी पावणेदोन तास बसले, तर वरून विचारणा झाली, एका ड्रेसिंगला इतका वेळ? उत्तर रकान्यात मावेना, म्हणून हे पत्र.

आजोबांना पोटाचा कॅन्सर. मॉर्फिनने कळ आटोक्यात होती, तरी रात्रभर टक्क जागे. सून म्हणे, औषध वाढवा. मी खाटेपाशी बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "देवाचो नवस फेडूचो रवलो, सिस्टर. म्हणान जीव जाणा नाय." मुलगा लहानपणी आजारी होता तेव्हा ग्रामदेवतेला नारळांचं तोरण बोलले होते. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोरण देवळात गेलं, आणि गावकार, म्हणजे गावाचे मानकरी, घरापुढच्या खळ्यात उभे राहून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालू लागले. दर वाक्यामागे आजोबांचे ओठ हलत होते, 'होय म्हाराजा'. मॉर्फिनचा डोस होता तेवढाच राहिला. झोप मात्र लागली.

चमत्कार नव्हे हा, आणि मी कुणी भगत नव्हे. शेवटच्या आजारातल्या शुश्रूषेचा आधुनिक पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्सबाई डॉक्टर होण्याआधी परिचारिका होत्या. 'संपूर्ण वेदना' ही कल्पना त्यांची: शरीर, मन, घरदार आणि आत्मा, सगळं एकदमच दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे अशा शुश्रूषेच्या, २००२ च्या व्याख्येतही 'आध्यात्मिक' हा शब्द आहे. अशी शुश्रूषा लागणाऱ्या दर १०० जणांतले ७८ आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असं तीच संघटना सांगते. महाराष्ट्राचं पॅलिएटिव्ह धोरणही २०१२ चं आहे, कालचं नव्हे.

मला भीती एकच, की 'आध्यात्मिक' म्हटल्यावर आपल्याकडून पोथ्या आणि टाळ येतील. ते नको. एका चाचींना फक्त खाट किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आमच्याकडे समुद्राच्या अंगाला, फिरवून हवी होती. सलाईनचा स्टँड आड येत होता, एवढंच. काय अडलंय ते विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं, हे शिकवावं लागतं. आणि त्याआधी मॉर्फिन. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तरी नातेवाइकांच्या गोळ्यांसाठीच्या फेऱ्या संपलेल्या नाहीत. कळवळणाऱ्या माणसाशी देवाच्या गोष्टी करणं ही थट्टाच.

तेव्हा मागणं थोडकं आहे. घरभेटीचा वेळ डोंगरावरच्या वाडीचा चढ आणि बसण्याची घटका धरून मोजा, रजिस्टरात एक रकाना वाढवा, आणि आम्हाला या कामाचं चार दिवसांचं तरी प्रशिक्षण द्या. फक्त ते गणपतीत किंवा शिमग्यात ठेवू नका. तेव्हा चाकरमानी घरी असतात, आणि बापाचं मुलाशी अडलेलं बोलणं त्याच चार दिवसांत होतं.

आपली,
एक परिचारिका, मालवण तालुका