मागे वळून पाहायला लावणाऱ्या वाटाड्यास

दादा,

सप्रेम नमस्कार.

गुहेतल्या पहिल्या फाट्यावर तुम्ही सगळ्यांना थांबवलंत आणि रांगेत शेवटी असलेल्या, सकाळपासून फारसं न बोललेल्या मुलीला म्हणालात, "आता मागे वळ. इथून बाहेर पडायचंय. कुठून जाशील, सांग बरं." पत्र लिहायला बसलो ते या एका वाक्यासाठी.

चुनखडीच्या गुहेत माणसं चुकतात ती बहुतेक वेळा परतताना. आत जाताना मागच्या अंगाने तिरक्या येऊन मिळणाऱ्या वाटा नजरेला पडतच नाहीत. आपण त्यांच्या बाजूने सरळ पुढे निघून जातो. उलट फिरलं की त्याच वाटा तोंड वासून समोर उभ्या राहतात. जाताना एकच भुयार होतं, परतताना दोन दिसतात, आणि दोन्ही सारखीच खरी वाटतात. म्हणून प्रत्येक फाट्यावर वळून पाहायचं आणि खूण मनात बसवायची. हे ठाऊक असलेले पुष्कळ असतात. दर फाट्यावर न कंटाळता ते करून घेणारे फार थोडे.

त्यात तुम्ही हेडलॅम्प डोक्यावरून काढून कमरेशी धरलात. कपाळावरचा प्रकाश नजरेच्याच रेषेत पडतो, सावल्या दगडामागे दडतात आणि भिंत सपाट वाटते. दिवा खाली, बाजूला धरला आणि तीच भिंत उठून आली: गुडघ्याच्या उंचीवर पाण्याने कोरलेली खाच, खाली पिवळ्या मातीचा पट्टा, वर उंटाच्या पाठीसारखा वाकलेला दगड. "उंटाच्या पोटाखालून," ती म्हणाली. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढे निघालात. पुढच्या प्रत्येक फाट्यावर पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तिलाच.

तिलाच का, ते परतताना कळलं. एकामागोमाग एकच माणूस सरकेल अशा अरुंद जागेत रांग फिरवता येत नाही, ती उलटी होते. जो शेवटी असतो तो पहिला होतो. वाट सगळ्यात जास्त ठाऊक हवी ती शेवटच्याला, आणि नेमकं त्यालाच कोणी काही सांगत नाही. तुम्ही सांगितलंत. ती पुढे होती आणि एकदाही अडखळली नाही.

आता कटू वाटलं तरी लिहितोच. तुमच्या आधी ज्यांच्या भरवशावर याच गुहेत येणं झालं, त्यांनी माणशी एकच टॉर्च दिली होती, सुटे सेल नव्हते, आणि वाट दाखवायला भिंतीवर लाल रंगाचे बाण मारले होते. सगळे बाण आतल्या दिशेला! परतीच्या माणसाला ते आणखी आतच ढकलणार. खूण करायचीच तर ती बाहेरची दिशा दाखवणारी आणि परतताना उचलून नेता येईल अशी हवी. एका बाणाचं टोक तर लवणस्तंभावरच काढलं आहे. पाण्यातला चुना थेंबाथेंबाने साठून हे स्तंभ वाढतात. बऱ्याच ठिकाणी वाढ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे हजार वर्षांत वीतभरही नाही. त्यावर रंगाचा फवारा मारताना हात कसा धजावला, कोण जाणे.

तुमचं सगळंच परतीच्या बाजूने विचार करणं होतं, हे गुहेकडे येताना डोंगराच्या धारेवरच लक्षात यायला हवं होतं. निघण्याआधी तुम्ही सगळ्यांच्या सॅकवरची रेनकव्हरं काढायला लावलीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि ढिलं कव्हर शिडासारखं फुगून माणसाला दरीच्या बाजूला ओढतं. खिंडीत वारा चिंचोळ्या जागेतून दाबला जाऊन आणखी जोर धरतो. तिथे झोत आला की काठी रोवून, गुडघे वाकवून थांबायचं, झोत ओसरला की चालायचं. त्याहून फसवी जागा म्हणजे मोठ्या कातळाचा आडोसा. वाऱ्यावर रेलून चालणाऱ्याचा वारा तिथे एकदम तुटतो आणि तो ज्या बाजूला रेलला होता त्याच बाजूला कोलमडतो. तुम्ही दर कातळापाशी दोन पावलं आधी हात वर करत होता. शिवाय अशा उघड्या उतारांवर ऊन तापलं की दुपारी वारा सहसा वाढतो, आणि जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर असतो. म्हणून परत फिरायची वेळ तुम्ही निघतानाच ठरवलीत आणि खाली थांबलेल्या माणसाला सांगून ठेवलीत. पाणीही अर्धं परतीसाठी बाजूला ठेवायला लावलंत. चुनखडीच्या डोंगरावर पाऊस भेगांतून आत उतरतो, माथ्यावर झरा सापडेल या आशेवर राहता येत नाही.

गुहेच्या तोंडाशी घामट शर्ट बदलायला लावलात, तेही आता आठवतं. आतली हवा वर्षभर साधारण त्या जागेच्या सरासरी तापमानाइतकीच राहते. बाहेर ऊन असलं की ती थंड, जड हवा खालच्या तोंडातून झोताने बाहेर येते, आणि ओल्या अंगाला पहिल्या दहा मिनिटांतच हुडहुडी भरते. मग तुम्ही आत शिरून आधी छताजवळच्या कपारी पाहिल्यात. तिथे अडकलेला पालापाचोळा किंवा वाळलेला फेस म्हणजे पाणी तिथवर चढतं. डोंगरावर दूर कुठेही पाऊस झाला तरी ते चढू शकतं. कपारी कोरड्या निघाल्या, आभाळ स्वच्छ होतं, तेव्हाच तुम्ही "चला" म्हणालात.

दादा, ज्ञान असलेली माणसं भेटतात. आपलं ज्ञान सगळ्यात मागच्याच्या हाती देऊन, त्याच्या भरवशावर स्वतः मागून चालणारं माणूस भेटलं की डोळे भरून येतात. चांगुलपणा म्हणतात तो हाच असावा. त्याला मोठा आवाज लागत नाही. तो कमरेशी दिवा धरून उभा राहतो आणि समोरच्याला उत्तर सापडेपर्यंत वाट पाहतो.

ते लाल बाण काढायला पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत यायचं ठरलं आहे. तारेचा ब्रश आणणार नाही, त्याने दगड खरवडतो. नायलॉनचे ब्रश, पाण्याचे कॅन आणि माणशी तीन दिवे. लवणस्तंभावरच्या बाणाला तुमच्याशिवाय कोणी हात लावणार नाही. सुरुवात पहिल्या फाट्यापासून करू, आणि पुढे तीच मुलगी असेल.

तुमचे ऋणी,
त्या दिवशीच्या रांगेतले सगळे