मनू, ते कानातलं काढून चालत जा

प्रिय मनू,

परवा फोनवर आवाज दोघांचाही चढला आणि तू फोन ठेवलास, त्याचं काही नाही. तुझी आई म्हणाली परत लावा, पण परत लावला असता तर परत तेच झालं असतं, म्हणून हे टाईप करतोय. नोकरी सोड हे वाक्य यात कुठंही येणार नाही, शब्द देतो. एकच गोष्ट सांगायची आहे, ती सांगतो आणि गप्प बसतो. तिकडे जोशीमठकडे सकाळी रूमवरून साईटवर चालत जाताना ते इअरफोन कानात घालू नको. झालं.

आता आधी अस्वलानं फाडलेल्या त्या मेसमधल्या पोराचं सांग. डोळा वाचला ना? तू म्हणालीस भुवईच्या वरून टाळूपर्यंत फाटलंय, म्हणजे डोळा वाचायला पाहिजे. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं असेलच, पण रेबीजची लस पण लागते बरं का, अस्वल असलं तरी, आणि सगळे डोस पूर्ण झाले पाहिजेत, एक घेतला आणि दुखायचं थांबलं म्हणून पोरगं कामावर परत गेलं असं होऊ देऊ नको. आणि वनविभागाकडे मदतीचा अर्ज करायचा असतो, त्याला पंचनामा आणि डॉक्टरचा दाखला लागतो. नेपाळचं पोरगं, त्याला कोण सांगणार आहे हे. तू लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे. त्याला नियमानं मिळत नसेल तर मला सांग, मी इथून थोडे पाठवतो, तुझ्या आईला विचारलंय, ती हो म्हणाली.

जीपमधे त्याचं डोकं मांडीवर धरून तू गोपेश्वरच्या दवाखान्यापर्यंत बसून गेलीस हे तू असं सांगितलंस जसं काय बाजारातून भाजी आणली. मी ते ऐकून एकदम राजीनाम्यावर गेलो आणि पोरी तू केवढं काम केलंस हे म्हणायचं राहूनच गेलं. आता म्हणतो. आत्याला पण सांगितलं, पाटील सरांना पण सांगितलं, ते म्हणाले आमच्या हाताखालची पोरगी आहे.

नानाकाकाचं तुला अर्धंच माहीत आहे. तू बालवाडीत होतीस. तुला एवढंच आठवत असेल की काका दवाखान्यातून आला तर तू घाबरून पलंगाखाली गेलीस आणि तो तुझ्यासाठी आणलेला बिस्किटपुडा हातात धरून तसाच उभा होता. आता नीट सांगतो, कारण तुला कळलं पाहिजे मी त्या इअरफोनच्या मागे का लागलोय.

हिवाळ्याचे दिवस होते, हरभऱ्याला पाणी चालू होतं, आणि थ्री फेजची लाईट रात्रीच यायची. आपल्या भागातल्या शेतकऱ्यानं रात्री शेतात का जायचं तर लाईट रात्री आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही. नाना मोटर चालू करायला गेला. थंडी होती म्हणून कानाला मफलर घट्ट गुंडाळलेला, वरून टोपी. धुऱ्यावर वारुळापाशी अस्वल वाळवी खात होतं. आपलं अस्वल वाळवी खाताना काय करतं माहीत आहे का, तोंड भोकात खुपसून आधी माती फुंकतं आणि मग जोरात ओढून घेतं, त्याचा केवढा तरी आवाज होतो, शांत रात्री लांबून ऐकू येतो. नानाला तो ऐकूच गेला नाही. आणि त्याचं तोंड वारुळात, त्याला नाना ऐकू गेला नाही. दोघं एकमेकांच्या अंगावरच गेले म्हण ना. कान उघडे असते तर तो वीस पावलं आधी थांबला असता, हे नाना स्वतः मला म्हणाला, खामगावच्या दवाखान्यात, तोंडाला सगळं बँडेज, एका डोळ्यानं माझ्याकडे बघत. तो दुसरं काहीच बोलला नाही, मफलरचंच बोलत राहिला. त्यानंतर त्यानं मफलर कधी वापरला नाही, कितीही थंडी असो. तू त्याला एकदा विणून दिला होतास कॉलेजात असताना, तो घेतला आणि ट्रंकेत ठेवला, तुला वाईट वाटलं होतं. आता कळलं का.

तर बेटा तू सकाळी अंधारात निघतेस, नोव्हेंबरात तिकडे उजाडायला साडेसहा तरी होतात, रस्त्याच्या एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला झाडी, आणि कानात गाणी. मला झोप येत नाही. बरं, हे दुसऱ्यांदा झालं.

तिकडचं अस्वल वेगळं आहे हे मला माहीत आहे, मी तेव्हापासून वाचतोच आहे. छातीवर पांढरट चंद्रकोर, अंगानं आपल्यापेक्षा भारी, बांजाची म्हणजे तिकडच्या ओकची फळं, अक्रोड, मका, मध, मिळेल ते खातं, झाडावर सरसर चढतं, म्हणून झाडावर चढून वाचू असं कुणी सांगितलं तर ऐकू नको. पण एक गोष्ट दोघांची सारखी. जवळून दचकलं की तोंडावर आणि डोक्यावर येतं. आणि हे दिवस वाईट, थंडी लागायच्या आधी त्याला पोटात चरबी भरून घ्यायची असते, दिवसरात्र खात सुटतं. पूर्वी बर्फ पडला की गुहेत जाऊन पडून राहायचं. आता तूच मागच्या हिवाळ्यात सांगितलंस ना, जोशीमठच्या गल्ल्यांमधे जानेवारीत पण रात्री कचऱ्यात फिरतंय म्हणून. त्याला काय, बर्फातही जेवण मिळतंय तर झोपेल कशाला.

म्हणून तू मेसच्या मागच्या खड्ड्यावरून साईट इन्चार्जशी भांडलीस ते फार बरोबर केलंस. शंभर सव्वाशे माणसांचं उरलेलं भात-डाळ, मोहरीचं तेल, अंड्याची टरफलं, कोंबडीचं सगळं उघड्यावर, आणि त्याच्या बाजूलाच ते पोरगं पहाटे भांडी घासायला बसतं. लोखंडी झाकणाचे ड्रम पाहिजेत, ते जमिनीत रोवलेले पाहिजेत आणि दिवस मावळायच्या आत कचरा गाडीनं खाली गेला पाहिजे. भांडी घासायची जागा आत घ्या. आणि पत्र्याच्या शेडमधली झारखंडची माणसं आपापली चूल वेगळी करतात म्हणालीस, ते राशन उशाशी ठेवून झोपतात, ते बघ. बायकामाणसांचं संडास शेडपासून किती लांब आहे, तिथं लाईट आहे का, हे पण बघ. साहेबलोकांच्या खोल्यांना दगडी भिंत असते, वाघ असो की अस्वल, आधी पत्र्याच्या शेडवालाच सापडतो. लेखी दे सगळं आणि त्याची कॉपी स्वतःकडे ठेव. तू भूगर्भवाली आहेस, कचरा तुझं काम नाही असं ते म्हणतील, म्हणू दे.

मी लेक्चर देतोय हे मला कळतंय. तुला तिथं राहून जेवढं कळतं तेवढं मला मोताळ्यात बसून काय कळणार. पण थोडं राहिलंय ते ऐकून घे.

बोथ्याच्या घाटातलं आठवतं का? माझी शेवटची गाडी होती खामगाव-बुलडाणा, तू बॉनेटजवळच्या सीटवर उभी, ज्ञानगंगा अभयारण्यातून चाललो होतो आणि वळणावर लाईटमधे अस्वलीण आली, पाठीवर दोन पिल्लं केसांना धरून बसलेली. मी गाडी थांबवली. पॅसेंजर हॉर्न मारा हॉर्न मारा म्हणत होते, मी नाही मारला. ती निवांत रस्ता ओलांडून गेली. तू विचारलंस बाबा ती पिल्लं पडत नाहीत का, आणि घरी येईपर्यंत तेच, मग दुसऱ्या दिवशी शाळेत चित्र काढलंस, त्यात एसटी एवढीशी आणि अस्वल पानभर. ते चित्र तुझ्या आईच्या कपाटात आहे अजून. मला वाटतं तू डोंगरदऱ्यांच्या कामात गेलीस त्याचं मूळ तिथंच कुठंतरी आहे. २०२३च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना तडे गेले ते टीव्हीवर चालू होतं तेव्हा तू एम.एस्सी.चा अभ्यास टाकून टीव्हीसमोर बसली होतीस आणि म्हणालीस बाबा मला तिथंच काम करायचं. लोक तिथून सामान घेऊन निघत होते आणि माझी पोरगी तिकडे जायचं म्हणत होती. मी तेव्हा अडवलं नाही. आताही अडवत नाहीये.

हां, तर पिल्लांवरून सांगायचं ते असं की आपल्याकडची आई पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, म्हणून दिसली तर एकत्र दिसतात. तिकडच्या अस्वलाचं तसं नाही. पिल्लू झाडावर असतं नाहीतर रस्त्यावर एकटं खेळताना दिसतं आणि आई बाजूच्या झुडपात असते. एकटं पिल्लू दिसलं की फोटो काढायला थांबायचं नाही, आल्या पावली मागं फिरायचं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे लगेच हल्ला करतंय असं नसतं, वास घेत असतं, नीट बघत असतं. पळायचं नाही, त्याच्यापुढे पळून कुणी सुटत नाही, उताराला पण नाही. पाठ न दाखवता हळूहळू मागं सरकायचं, त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. आणि अगदी अंगावर आलंच तर पालथं पडायचं, तोंड जमिनीकडे, बोटं गुंफून मानेवर, कोपरं कानाशी. सॅक पाठीवरच राहू दे. ते यूट्यूबवर दगड मारा, नाकावर बुक्की मारा सांगतात ते अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचं, ते वेगळं जनावर आहे, तिथं तसंच शिकवतात. तुझ्या इथलं अस्वल तोंड फोडतं, आधी तोंड वाचवायचं.

आणि हेल्मेट. साईटच्या गेटवर पोचल्यावर घालतेस ना? रूममधून निघतानाच घाल. हे मला काल रात्री सुचलं आणि मी उठून बसलो. लोक हसले तर हसू दे. हेल्मेट घातलं की ते इअरफोनही धड बसत नाहीत, बरंच झालं.

जपानचं वाचलंस का? तुझ्या इथलंच काळं अस्वल तिकडे आहे, त्याच जातीचं. २०२५च्या नोव्हेंबरात अकिता भागात अस्वलं पकडायचे पिंजरे वाहून न्यायला लष्कराची मदत घ्यावी लागली. रानातली फळं कमी आली की खाली उतरतात आणि खेड्यांमधे माणूस राहिला नाही, म्हातारेच उरलेत, शेतं पडीक, झाडी घरापर्यंत आली. मी वाचलं आणि मला तुझे फोटो आठवले, ती कुलूप लावलेली घरं आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात माजलेलं गवत. पोरं देहरादूनला, दिल्लीला गेली. आपल्या गल्लीत तरी दुसरं काय आहे, चार घरांत म्हातारा-म्हातारी. असो.

रैणीचा फोटो मी डीपीला ठेवलाय, तू आणि त्या गावच्या बायका. १९७४ साली गौरादेवी आणि तिथल्या बायकांनी झाडं तोडायला आलेल्यांना परत पाठवलं हे मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. तूच सांगितलं होतंस ना की त्या बायका गवताला जाताना घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत, मधेच हाका मारत, हातात विळा. त्यांचा जन्म गेलाय तिथं आणि तरी त्या एकट्या जात नाहीत, कान उघडे ठेवतात. तू त्यांच्याबरोबर निघत जा नाहीतर सर्व्हेवाल्या मुलांबरोबर निघ. गाणी रूमवर ऐक. किती पाहिजे तेवढी ऐक. स्पीकर पाहिजे असेल तर मोबाईलला जोडायचा छोटा स्पीकर घेऊन पाठवतो, तो वाजवत गेलीस तरी चालेल, उलट चांगलंच, त्याला तू येतेयस हे आधी कळेल, मला फक्त कान बंद नकोत.

हे कितव्यांदा झालं देव जाणे. एकदाच सांगणार म्हणालो होतो. तुझी आई वाचतेय बाजूला बसून, म्हणते पुसून टाका, पोरगी चिडेल. नाही पुसत.

पार्सल केलंय कुरिअरनं, जोशीमठला मेन बाजारात येऊन पडेल, फोन येईल तुला. त्यात मोठी बॅटरी आहे, शिट्ट्या आहेत, त्या शेडमधल्या बायकांना पण दे. सर्जाची घुंगरमाळ आहे, नानानं दिली, म्हणाला सॅकला बांधायला सांग, वाजत राहील. जड वाटली तर अर्धे घुंगरू काढ. तिळाची चटणी आणि शेव घट्ट डब्यात भरलीये, रूममधे उघडी ठेवू नको, वास जातो. आणि वेगळ्या पुडक्यात एक स्वेटर आहे त्या मेसमधल्या पोरासाठी, अंदाजानं घेतलाय, मोठा झाला तर दुसऱ्या कुणाला दे.

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी अकोल्याला आहे, मी बरोबर जातोय, तेव्हा सोमवारी दुपारी फोन करू नको, लागणार नाही. बाकी केव्हाही कर. साईटवर पोचलीस की नुसता एक अंगठा पाठवत जा व्हॉट्सॲपवर, बोलायची गरज नाही, मी विचारणार पण नाही काही.

तुझा
बाबा

ता.क. आई म्हणते सुट्टी फेब्रुवारीत आहे का मार्चमधे ते नक्की कळव, शेजारच्या लग्नाची तारीख त्यांनी अजून काढली नाहीये.